प्रबंधातला पावसाळा

२२ जुलै २०२१ रोजी महाडात सावित्रीचे पाणी शिरले तेव्हा बहिणीच्या घरी ठेवलेली माझी बरीचशी पुस्तके भिजून गेली. सगळ्यात वरच्या फळीवर होती म्हणून जी थोडी वाचली, त्यांत काळ्या कापडी बांधणीचा आणि सोनेरी अक्षरांचा एक जाड ग्रंथ होता. तो माझा एम. टेक.चा प्रबंध. विषय होता, ग्रामीण घरांसाठी सुधारित चूल. २००४ साली तो सादर झाला, मान्य झाला, मला पदवी मिळाली. त्यानंतर तो कोणी उघडून वाचला असेल असे मला वाटत नाही. मी स्वतः तरी वाचला नव्हता.

आता ऊर्जा या विषयावरचे असेच प्रबंध माझ्याकडे बहिःस्थ परीक्षक म्हणून येतात. दुसऱ्यांच्या प्रबंधांवर लाल शाई वापरण्यापूर्वी आपला तपासून पाहावा, या विचाराने मी तो हातात पेन्सिल घेऊन वाचला. लेखक अनोळखी आहे असे समजून वाचला. त्याचे हे परीक्षण. ते शिक्षकांच्या मासिकात देण्याचे कारण असे की, त्यात सापडलेल्या चुकांची मुळे मला शाळेतल्या प्रयोगवहीपर्यंत गेलेली दिसली.

प्रबंध काय म्हणतो?

प्रबंधाचा मुख्य दावा एका वाक्यात सांगता येतो. मातीच्या पारंपरिक चुलीवर पाच लिटर पाणी उकळायला जितके लाकूड लागते, त्याच्या जवळजवळ निम्म्या लाकडात नवी पत्र्याची चूल तेच काम करते. म्हणजे सरपणाची पन्नास टक्के बचत. पुढचे एक प्रकरण ही बचत तालुक्यातल्या घरांच्या संख्येने गुणते, आणि दरवर्षी किती टन लाकूड व किती झाडे वाचतील हे सांगते. शेवटी नव्या चुलीची शिफारस आहे.

वाचताना हे सगळे ठाकठीक वाटते. आलेख नीट काढलेले आहेत. पारंपरिक चुलीचे मोजमाप खरोखरच एका घरात जाऊन, ताणकाट्याने लाकूड तोलून केले आहे. ते घर पोलादपूर तालुक्यातले, आमचेच. मोजताना आई शेजारी बसून होती. प्रबंधाची ही जमेची बाजू मी आधीच सांगतो, कारण पुढे तिच्याविषयी फार चांगले बोलता येणार नाही.

दोन तारखा

चूक सापडली ती परिशिष्टात. तेथे प्रत्येक निरीक्षणासमोर तारीख आहे. आईच्या चुलीची निरीक्षणे २००३ च्या ऑगस्टअखेरची, म्हणजे मी गणपतीला गावी गेलो होतो तेव्हाची. नव्या चुलीची निरीक्षणे एप्रिल २००४ ची, संस्थेच्या कार्यशाळेतली. पहिल्या रकान्यातले लाकूड पोलादपूरच्या पावसात पडवीत रचून ठेवलेले ऐन आणि किंजळ. दुसऱ्या रकान्यातले लाकूड वखारीतून आणलेले, सारखे कापलेले आणि उन्हाळ्यात कडकडीत वाळलेले. दोन्ही ठिकाणी लाकडाचे ज्वलनमूल्य मात्र एकच धरले आहे. ते पुस्तकातून घेतलेले आहे, किलोला १८.५ मेगाज्यूल.

१८.५ हा आकडा पूर्ण कोरड्या लाकडाचा आहे. लाकडात पाणी असले की दोन गोष्टी होतात. एक, किलोभर वजनात जळणारा भाग कमी असतो. दोन, त्या पाण्याची वाफ करण्यात थोडी उष्णता खर्च होते. किलोला साधारण २.४४ मेगाज्यूल. आता हिशेब करू. वाळलेल्या लाकडात १२ टक्के पाणी धरले, तर किलोमागे ०.८८ गुणिले १८.५, वजा ०.१२ गुणिले २.४४, म्हणजे सुमारे १६ मेगाज्यूल मिळतात. पावसाळी लाकडात ३० टक्के पाणी धरले, तर ०.७० गुणिले १८.५, वजा ०.३० गुणिले २.४४, म्हणजे सुमारे १२.२ मेगाज्यूलच मिळतात.

जे काम एप्रिलमध्ये एक किलो लाकडात होते, त्याला ऑगस्टमध्ये एक किलो ३१० ग्रॅम लाकूड लागते. उलट दिशेने पाहिले तर, चूल तीच ठेवून फक्त महिना बदलला तरी २४ टक्के सरपण 'वाचते'. माझ्या पन्नास टक्के बचतीतला मोठा वाटा चुलीचा नव्हताच, तो उन्हाळ्याचा होता. एवढी एकच दुरुस्ती केली तर बचत ५० वरून ३४ टक्क्यांवर येते. ओल्या लाकडाचा जाळ मुळातच मंद असतो, धूर जास्त होतो आणि न जळलेला धूर म्हणजे वाया गेलेले इंधन. ते हिशेबात घेतले तर ती आणखी उतरेल.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १२ आणि ३० हे आकडे मी आज धरलेले आहेत. तेव्हा मी लाकडातला ओलावा मोजलाच नव्हता. लाकडाचा एक तुकडा तोलायचा, पूर्ण वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा, इतके सोपे काम होते. ते न केल्यामुळे माझा आकडा आज नेमका दुरुस्तही करता येत नाही.

वाफेचे काय करायचे?

दुसरी चूक व्याख्येतली आहे. चुलीची कार्यक्षमता म्हणजे लाकडातून मिळालेल्या उष्णतेपैकी उपयोगी पडलेला भाग. 'उपयोगी' म्हणजे कोणता? मी जी चाचणी वापरली, तीत पाणी तापवण्याला लागलेली उष्णता आणि उकळताना उडून गेलेल्या वाफेची अप्रकट उष्णता, दोन्ही उपयोगी धरली जातात.

समजा पाच लिटर पाणी २७ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवले. त्याला ५ गुणिले ४.१८ गुणिले ७३, म्हणजे सुमारे १,५२६ किलोज्यूल लागतात. १२ टक्के ओलावा असलेले किलोभर लाकूड जळले असेल तर त्यातून १६,००० किलोज्यूल मिळाले. कार्यक्षमता साडेनऊ टक्के. पण जाळ तसाच ठेवला आणि उरलेल्या निखाऱ्यांवर अर्धा लिटर पाणी उडून गेले, तर २,२६० च्या निम्मे, म्हणजे १,१३० किलोज्यूल वाढतात आणि तीच कार्यक्षमता साडेसोळा टक्के होते. चूल तीच, लाकूड तेच, पाणीही तेच. स्वयंपाकघरात मात्र उडून गेलेल्या वाफेने भात शिजत नाही. भाताला उकळी आली की आई लाकूड मागे ओढते आणि निखाऱ्यावर भात शिजू देते. तिच्या दृष्टीने चांगली चूल म्हणजे जिचा जाळ मनासारखा कमी करता येतो ती. माझ्या चाचणीच्या दृष्टीने चांगली चूल म्हणजे जी भराभर वाफ काढते ती.

हा दोष जाणकारांना ठाऊक नव्हता असे नाही. सुटसुटीत चुलींसाठीचे भारतीय मानक, आय. एस. १३१५२, हे १९९१ साली निघाले आणि २०१३ मध्ये सुधारले गेले. त्यातल्या पद्धतीत पाण्याला उकळी फुटण्याआधीच भांडे उतरवून दुसरे ठेवतात, त्यामुळे वाफेचा घोळ राहत नाही. हे मानक माझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत आहे. पद्धतीच्या प्रकरणात नाही.

उल्लेखलेले आणि वाचलेले

याचा अर्थ उघड आहे. मी ते उल्लेखले होते, वाचले नव्हते. पूर्वसंशोधनाचे प्रकरण ३१ पानांचे आहे. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी १९५३ मध्ये निर्धूर चुलीवर लिहिले, तेथपासून सगळ्यांची नावे त्यात ओळीने येतात. पण एकाही नावामुळे माझ्या प्रयोगात काही बदललेले दिसत नाही.

सर्वांत बोचणारे उदाहरण चाचण्यांचेच आहे. १९८० च्या दशकात चुलींसाठी ज्या आंतरराष्ट्रीय चाचण्या रूढ झाल्या, त्या तीन आहेत. पहिली पाणी उकळण्याची. दुसरी ठरावीक पदार्थ शिजवण्याची. तिसरी घरातल्या घरात, रोजच्या वापरात किती सरपण लागते ते काही दिवस मोजण्याची. पहिली चाचणी प्रयोगशाळेत दोन नमुन्यांची तुलना करण्यासाठी आहे, घरातली बचत तिसरीवरूनच ठरवावी, हाच या विभागणीचा हेतू. मी तिन्ही चाचण्यांची वर्णने लिहिली, पहिलीच केली आणि निष्कर्ष तिसरीचा काढला.

दुसरे नाव अमूल्य रेड्डी यांचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट त्यांनी उभा केला. कर्नाटकातल्या पुरा या छोट्या गावात १९७७ च्या सुमारास घरोघर जाऊन त्यांनी ऊर्जेचा हिशेब मांडला. त्यात किती लाकूड जळते एवढेच नव्हते. ते कोण आणते, किती वेळ घालवून आणते, हेही होते. माझ्या प्रबंधात सरपण आणणारी बाई कोठेच नाही. लाकूड थेट ताणकाट्यावर प्रकट होते.

आणि म्हणूनच पुढचा प्रकार मला आधी दिसला नाही. तोंडी परीक्षा झाल्यावर ती नवी चूल मी आईला नेऊन दिली. मे महिनाभर तिने ती वापरली. पाऊस लागल्यावर ती मागील दारी गेली. तिचे तोंड लहान, त्यामुळे लाकूड बारीक फोडावे लागे. वैल नाही, त्यामुळे एका जाळावर भात आणि शेजारी आमटी, हे जमत नसे. मातीच्या चुलीभोवती ओली लाकडे सुकायला ठेवता येत, हिच्या पत्र्याभोवती तशी सोय नव्हती. आई म्हणाली, "ही चूल उन्हाळ्याची हाय. पावसात हिचा काय उपेग न्हाय." माझ्या परिशिष्टातल्या दोन तारखा जे सांगत होत्या, तेच तिने एका वाक्यात सांगितले होते. मी ते तेव्हा तक्रार म्हणून ऐकले, निरीक्षण म्हणून नाही.

एका प्रबंधाने काय बिघडते?

कोणी म्हणेल, विद्यार्थ्याचा प्रबंध ही तालीम असते. त्यावर सरकारचे धोरण ठरत नाही. मग एवढे मनाला का लावून घ्यायचे?

पहिला भाग मला मान्य आहे. पण चुलींच्या बाबतीत आकडे प्रयोगशाळेतून थेट गावात नेण्याची हीच सवय मोठ्या प्रमाणावरही दिसली. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला. तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्याची नोंद होती. किती बसवल्या हे मोजले गेले. किती चालू राहिल्या याची मोजणी त्या मानाने फार थोडी झाली. पुढे रीमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या गावांमध्ये सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर कमी झालेला दिसला. नंतर तो फरक नाहीसा झाला, आणि सरपणाची बचतही दिसली नाही. प्रयोगशाळेत त्या चुली चांगल्या ठरल्या होत्या. घरात त्यांची डागडुजी होत नव्हती आणि वापर कमी कमी होत गेला. पहिल्या वर्षाअखेर अभ्यास थांबवला असता तर चूल यशस्वी ठरली असती. माझा अभ्यास तर एप्रिलअखेर थांबला होता.

वर्षाचे वेळापत्रक

हा निव्वळ माझा आळस होता असे म्हणून सुटता येणार नाही. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या वेळापत्रकाकडे पाहा. शेवटचे वर्ष जून-जुलैत सुरू होते. पावसाळ्याचे महिने विषय ठरवण्यात आणि पूर्वसंशोधन वाचण्यात जातात. उपकरण डिसेंबरपर्यंत तयार होते. निरीक्षणे जानेवारी ते एप्रिल, लेखन मेमध्ये. म्हणजे महाड-पोलादपूरसारख्या भागात वर्षाचे जे चार महिने सर्वांत अवघड, ते निरीक्षणांत येतच नाहीत. माझ्या प्रबंधात ते आले, पण एकाच रकान्यात. ते अधिकच वाईट.

हे चुलीपुरते नाही. कोकमाची फळे ऐन पावसाच्या तोंडावर तयार होतात. आभाळ भरून आलेले असताना आमसुले कशी सुकवायची, हा खरा प्रश्न. सौर वाळवणी यंत्राची निरीक्षणे मात्र मार्च महिन्यातली असतात, जेव्हा अंगणातल्या उन्हातही वाळवण सुकते. जलविद्युतीचे याच्या उलट. ओढ्यातून सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर उंचीवरून येत असेल, तर त्यात सुमारे दोन किलोवॉट शक्ती असते. पोलादपूरच्या डोंगरातल्या अनेक ओढ्यांना ऑगस्टमध्ये याच्या कितीतरी पट पाणी असते आणि मार्चमध्ये दगड मोजता येतात. कोणत्या महिन्यात मोजले हे न सांगता दिलेला आकडा खराही नसतो आणि खोटाही नसतो. तो निरर्थक असतो.

तेव्हा काय, प्रबंध तीन वर्षे लांबवायचे? नाही. प्रबंध वेळेवर पुरा होणे ही चांगली गोष्ट आहे, घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याला तर ती अत्यावश्यक आहे. पण पुरा करण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे जे मोजले नाही ते मोजल्यासारखे लिहायचे. दुसरा म्हणजे दावा लहान करायचा. "कोरड्या लाकडावर, एप्रिल महिन्यात, पाणी उकळण्यापुरती ही चूल अमुक इतकी कार्यक्षम आहे. ओल्या लाकडावर ती कशी चालते हे तपासलेले नाही." असे दोन वाक्यांचे निष्कर्ष असलेला प्रबंध मला आज कोणी दिला तर मी तो आनंदाने मान्य करीन. तालुक्यात वाचणाऱ्या झाडांचा आकडा त्यात नसला तरी चालेल.

बाईंची अट

माझ्या मार्गदर्शक बाईंचे येथे एक ऋण आहे. विषय, आलेख, निष्कर्ष यांत त्यांनी मला पुष्कळ मोकळीक दिली, थोडी जास्तच दिली. पण एका बाबतीत त्या ऐकत नसत. मूळ निरीक्षणे शाईने, तारीख-वेळेसह, खाडाखोड असली तरी तशीच परिशिष्टात आली पाहिजेत. त्यामुळे प्रबंध चाळीस पानांनी फुगला. मी कुरकुर केली, कारण छपाईचा खर्च माझा होता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्या पानांकडे पाहिलेही नाही. त्यांनी आलेखातल्या रेघांच्या जाडीवर प्रश्न विचारले.

आज माझी चूक मलाच सापडली ती त्या चाळीस पानांमुळे. निष्कर्षात ती दिसत नाही, आलेखात तर अजिबात नाही. बाईंनी चूक पकडली नाही हे खरे. ती पुढे कोणाला तरी पकडता यावी अशी व्यवस्था मात्र त्यांनी केली होती. मार्गदर्शकाकडून याहून जास्त काही मागता येईल, पण याहून कमी मागू नये. मी एका पानाची दुरुस्ती लिहिली आहे. ती ग्रंथालयातल्या प्रतीत लावावी अशी विनंती केली आहे, आणि एक प्रत बाईंना पाठवली आहे.

प्रयोगवहीपासून सुरुवात

आता शिक्षकांसाठी. आठवीतल्या मुलाला उत्तर ९.८ यायला हवे हे ठाऊक असते, म्हणून तो लंबकाची निरीक्षणे उत्तरावरून मागे जाऊन लिहितो. बरोबर उत्तराला पूर्ण गुण आणि प्रामाणिक पण वेगळ्या उत्तराला कमी गुण मिळतात, हे तो लवकर शिकतो. पुढे प्रबंधात पन्नास टक्के बचत हवीशी वाटते, तेव्हा तो खोटे लिहीत नाही. मीही लिहिले नव्हते. फक्त त्या आकड्यावर शंका घ्यायचे त्याला सुचत नाही.

म्हणून एक प्रयोग सुचवतो, ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकाच फांदीचे मनगटाएवढे जाड असे तीन सारखे तुकडे घ्या. एक पडवीत ठेवा, एक चुलीच्या वर टांगा, एक बाहेर ताडपत्रीखाली बेगमीच्या ढिगात ठेवा. गणपतीपर्यंत दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर तोला. शेवटी तिन्ही तुकडे फोडून, वजन उतरायचे थांबेपर्यंत उबेला वाळवा आणि पुन्हा तोला. ५०० ग्रॅमचा तुकडा ३५० ग्रॅमवर थांबला, तर तोलला तेव्हा त्यात ३० टक्के पाणी होते. मग वर दिलेल्या रीतीने त्याचे ज्वलनमूल्य काढा आणि घरात रोज किती लाकूड लागते त्याच्याशी ताडून पाहा. घरोघर गॅस आला असला तरी अनेक घरांत न्हाणीच्या पाण्याचे चुलाण अजून लाकडावरच पेटते. तेव्हा निरीक्षणाला जागा सापडेल.

महाडच्या मुलांचे आकडे पोलादपूरच्या मुलांशी जुळणार नाहीत. खाली खाडीकडच्या गावांचे आणखी वेगळे येतील. ते जुळवून घेऊ नका. वहीत तारीख लिहायला लावा आणि खोडरबर काढून घ्या.